कुंदाकाकूंचे टाके

दिग्रसला मी भाड्याच्या खोलीत राहत होते तेव्हा रविवारी सकाळी माझा पंखा अचानक मंदावला, की समजायचं, शेजारी कुंदाकाकूंनी वेल्डिंग सुरू केलं. भिंतीपलीकडून चर्र आवाज यायचा आणि पाठोपाठ हाक, "मॅडम, इकडे पाहू नका बरं! डोये जातीन."

काकूंनी जन्मभर गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवले. गुडघा कुरकुरायला लागला आणि पायमशीन सुटलं. मग मोबाइलवर व्हिडिओ पाहता पाहता त्यांनी एक छोटं घरगुती वेल्डिंग मशीन मागवलं. एस.टी.तून निवृत्त झालेल्या काकांना फक्त "मशीन येऊन राह्यलं" एवढंच सांगितलं होतं. खोकं आलं तेव्हा काका त्यात सुई शोधत बसले.

"सुई नाई, तार हाय," काकू म्हणाल्या. "रिळावरून दोरा येते, तशी तार आपोआप पुढं येते. घोडा दाबला की झालं काम."

काम मात्र लगेच झालं नाही. पहिल्याच दिवशी धान्याच्या कोठीचं झाकण जोडायला गेल्या आणि पत्र्याची चाळणी झाली. पण काकू हसल्या. "पत्रा म्हणजे रेशीम हाय, मॅडम. हात थांबला की भोक." तेव्हापासून त्या एक टाका टाकायच्या, निवू द्यायच्या, मग पुढचा. जोडण्याआधी रंग आणि गंज घासून काढायच्या. "मळक्या कापडावर कोणी भरतकाम करते काय?" काकांचा जुना खाकी शर्ट, डोक्यावर काळं हेल्मेट आणि खाली नऊवारी, असा त्यांचा थाट असे. बराच वेळ काम चाललं की मशीन तापायचं, पिवळा दिवा लावून आपसूक बंद पडायचं. "दमलं बिचारं. अहो, चाय मांडा!" असं म्हटलं की काका उठायचे. मशीनच्या त्या विश्रांतीत आमच्या कितीतरी गप्पा झाल्या.

कूलरचे स्टॅंड, फाटकाच्या बिजागऱ्या, सायकलचं कॅरिअर, गल्लीतलं काहीही मोडलं की काकूंकडे यायचं.

दिवाळीच्या तोंडावर त्यांचा धाकटा भाऊ दिनकर शेतावरून आला. ट्रॅक्टरला ट्रॉली अडकवायच्या जाडजूड हुकाला तडा गेला होता. तो हूक काढून पोत्यात घालून आणला होता. घरी कापूस भरून ट्रॉली उभी होती.

"ताई, दोन टाके मार. मले लगेच निघायचं हाय."

काकूंनी हूक उलटसुलट करून पाहिला. "हे माह्या मशीनचं काम नाई, दिनू."

"काहून? फोनवर तर सांगत होती, लोखंड जोडून राह्यली म्हणून."

काकूंनी भंगारातले दोन तसेच जाड तुकडे घेतले, घासले, मशीनचं बटण शेवटापर्यंत फिरवलं आणि जोड दिला. एकसारखा, चमकदार, बघत राहावा असा.

"पाय!" दिनकर जोडाकडे बोट दाखवून म्हणाला. "एवढा मस्त जोड, अन् जमत नाई म्हणते!"

काकूंनी तुकडा फरशीवर धरला आणि हातोडा हाणला. एकाच घावात दोन्ही तुकडे वेगळे झाले. जोड अख्खाच्या अख्खा, साडीची किनार उसवावी तसा निघाला. खालचं लोखंड कोरंच होतं.

"वरून बसला होता, आत गेलाच नव्हता," त्या म्हणाल्या. "एवढ्या जाडीले तापवायची ताकद याच्यात नाई. न जमलेलं दिसलं असतं तर भ्या नव्हतं. हे दिसते छान अन् रस्त्यात सुटते. मागून कोणी मोटरसायकलवर लेकरं घेऊन येत असंल तर?"

"गल्लीतल्यायले सगळं करून देते अन् सख्ख्या भावाले नाई!" पोतं उचलून दिनकर चहा न घेता मोठ्या वर्कशॉपकडे निघून गेला.

भाऊबीजेला तो आला नाही. काकूंनी संध्याकाळपर्यंत ताट तयार ठेवलं होतं. मी म्हटलं, फोन करा ना. "कायले करू? चूक केली असती तर केला असता," म्हणाल्या, आणि पदरानं निरांजन विझवलं. त्यानंतरचे काही रविवार मशीनवरचं कापड निघालं नाही.

संक्रांतीच्या आधी दारात रिक्षा थांबली. दिनकरनं त्यांच्या म्हाताऱ्या आईची चाकाची खुर्ची उतरवली. पाय ठेवायच्या पट्टीचा पाइप तुटला होता.

"वर्कशॉपमध्ये काहून नाई नेली?" काकूंनी रुक्षपणे विचारलं.

तो खुर्चीकडेच पाहत म्हणाला, "ते कशालेबी हो म्हणते. तू नाई म्हणू शकते. आईची खुर्ची हाय, म्हणून तुह्याकडे आणली."

काकूंनी तुटलेल्या पाइपावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "हा पाइप माह्या मशीनच्या जोगता हाय. बस."

जोड निवल्यावर त्यांनी तो ठोकून पाहिला. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून स्वतःच खुर्चीत बसल्या, पट्टीवर दोन्ही पाय रोवून जोर दिला आणि म्हणाल्या, "ढकल."

दिनकरनं ढकललं. अंगणातून फाटकाबाहेर आणि तिथून थेट गल्लीत. डोक्यावर हेल्मेट तसंच असलेल्या काकू ओरडत होत्या, "हळू, दिन्या, हळू!" आणि तो, पन्नाशीतला माणूस, मोठमोठ्यानं हसत पळत सुटला होता.