खुंटीवरच्या कोटातला दगडोबा

मकसूदला एका गावात मरून बावीस वर्षं झाली होती आणि लातुरात तो रोज सकाळी दहाला स्टुडिओचं शटर वर करत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकाच माणसाला हे कसं जमलं ते सांगायचं तर आधी त्याच्या कोटाबद्दल सांगावं लागेल.

कोट काळा, तिन्ही ऋतूंत खुंटीला, मधलं बटण तपकिरी. मूळचं काळं बटण परीक्षेच्या धास्तीनं कुणा पोरानं चावून तोडलं होतं. लातुरात शिकवण्यांचं पीक आलं आणि धर्माबादहून, लोह्याहून, उदगीरहून पोरं उतरू लागली. आधी खोली बघायची, मग मेस, मग फॉर्मला फोटो म्हणून मकसूदचा स्टुडिओ. सगळ्यांना तोच कोट. काटक्या पोराला पाठीमागून चार चिमटे लावायचे, जाड्याला बटण न लावता खांद्यावर नुसता ठेवायचा. आज ठिकठिकाणी जे डॉक्टर पेशंटला ‘आ करा’ म्हणतात, त्यांतल्या निदान पाचशे जणांनी आयुष्यातला पहिला कोट मकसूदचा घातला, आणि तोही न धुतलेला. त्याची बायको गौसिया म्हणायची, पोरांना कशाला बसवता, कोटालाच परीक्षेला बसवा, इतक्या वर्षांत त्याला सगळं पाठ झालं असेल.

मकसूदचं एक तत्त्व होतं. चेहरा बदलता येतो, कान बदलता येत नाही. निगेटिव्हवर पेन्सिल चालवून त्यानं देवीचे व्रण घालवले, टकलावर केस उगवले, तिरळे डोळे सरळ केले, पण कानाला कधी हात लावला नाही. ह्यामागे त्याचा स्वतःचा कान होता. तो सात वर्षांचा असताना बकरीदसाठी घरी आणलेल्या बोकडानं त्याच्या डाव्या कानाची पाळी तोडली. पुढे बोकडाचं काय झालं ते सांगायला नको, पण पहिला घास त्यानं घेतला होता. ही गोष्ट मकसूद फोटोला बसलेल्या प्रत्येकाला सांगायचा, कारण ती ऐकून माणूस हसतो आणि हसला की लगेच फोटो काढायचा असतो.

आता मरणाची गोष्ट. त्र्याण्णव साली गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे औशाच्या पलीकडची गावं जमिनीनं गिळली. मकसूद दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन गेला. त्याच्यासारखे कितीतरी जण गेले. जगभरचे कॅमेरे आले, मेलेल्यांचे हजारो फोटो निघाले. पण त्या मेलेल्यांचा जिवंतपणीचा फोटो कुणाच्याच घरी नव्हता, आणि असला तर दोन हात जाडीच्या भिंतीखाली होता. महिन्याभरात लोक स्टुडिओत यायला लागले. कुणी लग्नाच्या घोळक्यातलं वाटाण्याएवढं तोंड दाखवायचं, म्हणायचं हे मोठं करून द्या. मकसूद करून द्यायचा आणि वर कोट घालून द्यायचा. जन्मभर कोट न पाहिलेली माणसं मेल्यावर कोटात भिंतीवर चढली.

ते एक गाव होतं, ज्याचं नाव मकसूद घेत नाही, म्हणून मीही घेत नाही. तिथून विठाबाई आली. वय बावीस, कडेवर तीन महिन्यांचा सत्यम. नवरा दगडोबा गेलेला आणि त्याचा वाटाण्याएवढाही फोटो नाही. ती म्हणाली, “ह्याला बाप दाखवू कसा?” मकसूदनं तिच्या सांगण्यावरून चित्र काढून पाहिलं. तिनं मान हलवली. दुसरं काढलं. पुन्हा मान. चौथ्या खेपेला ती त्याच्याकडे टक लावून बसली आणि म्हणाली, “नाक तुमच्यावानी व्हतं. बाकी न्हाई.” मकसूद गडबडला, आणि गडबडला की तो बोकडाची गोष्ट सांगायचा, तशी त्यानं सांगितली. भूकंपानंतर ती बाई तेव्हा पहिल्यांदा हसली. ते हसू मकसूदला सहन झालं नाही. पोराला पाजता पाजता हसत होती ती.

त्यानं त्या दुपारी खुंटीवरचा कोट स्वतः घातला, शेजारच्या कापडवाल्याकडून गुलाबी फेटा आणला, तो डोक्याला गुंडाळला आणि गौसियाला बटण दाबायला सांगितलं. मग रात्रंदिवस बसून भुवया जाड केल्या, गाल बसवले, मिशीला पीळ दिला. विठाबाईला सांगितलं, खतवाल्या कंपनीच्या मेळाव्याचा एक फोटो सापडला, मागच्या रांगेत तुमचा माणूस होता, मोठा करून घेतला. तिनं फ्रेम दोन्ही हातांत धरली, बराच वेळ पाहिली आणि “हेच” एवढंच म्हणून गेली.

त्या दिवसापासून मकसूदच्या पाचावर धारण बसली. त्यानं मिशी काढली, दाढी वाढवली. इकडे तो जिवंत, तिकडे रोज सकाळी त्याला हळदकुंकू. पितृपक्षात पुरणपोळीचा नैवेद्य. त्या दिवशी त्याला उचकी लागली की गौसिया पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणायची, “उधर पोलियां खाके आए, अब इधर भी खाना होना क्या?” सत्यम सोळा वर्षांचा झाला आणि फॉर्मच्या फोटोला नेमका ह्याच स्टुडिओत आला. मकसूदनं डोळे आल्याचं सोंग करून काळा चष्मा लावला, तोंडाला रुमाल बांधला आणि आपल्या ‘मुलाचा’ फोटो काढला. पोरगा कोटात बसला तेव्हा त्याचं नाक पाहून मकसूदला वाटलं, बाई खरंच बोलली होती. त्या पोराच्या भिंतीवरून त्याचा बाप आपल्यामुळे उतरता कामा नये, एवढी एकच काळजी त्यानं बावीस वर्षं उराशी बाळगली. त्या गावाला जायचं नाही, हा त्याचा नियम झाला.

तो नियम मोडला लोह्याच्या पुनमनं. तिनंही सतराव्या वर्षी तो कोट घातला होता. इंजिनियर झाली, पुण्याला गेली, नोकरी सोडली आणि सहा-सहा जणांच्या सहली काढू लागली. तिच्या बापानं सहा महिने तिच्याशी अबोला धरला. सहलीचं नाव ‘डोंगर आणि बेट : मराठवाड्याचा वारसा, कॅमेऱ्यातून’. ती मकसूदला म्हणाली, “चाचा, तुम्हाला उजेड कळतो अन् माणसं कळतात. मला दोन्ही लागतं.” असं कुणी बोललं की मकसूद विरघळायचा.

दोन हजार सोळाच्या जानेवारीत नांदेडहून गाडी निघाली. सहा पुणेकर आणि त्यांचे चौदा कॅमेरे. मकसूदनं पहिल्याच दिवशी कानावर व्याख्यान झोडलं आणि बँकेतून निवृत्त झालेल्या एका मॅडमनी ते वहीत उतरून घेतलं. इस्लापूरला सहस्रकुंड पाहिला. त्या दुष्काळात धबधब्याला पाण्यापेक्षा पाहुणे जास्त होते. माहूरच्या डोंगरावर सोनेरी उजेडासाठी दोन तास थांबले, तर ढग आले. कंधारच्या किल्ल्यात एक साहेब कमानीचा फोटो घ्यायला जमिनीवर आडवे झाले, तेव्हा शेरडं राखणाऱ्या एका म्हातारीनं फीट आली समजून कांदा फोडून त्यांच्या नाकाला लावला. तो फोटो मात्र छान आला, म्हातारीचा.

शेवटच्या दिवशी बेट. तेरणेवरच्या धरणाच्या पाण्यात एक टेकाड, त्यावर जुनं देऊळ, जायचं होडीनं. पुनमनं छापील कागदावर ह्याचंच चित्र टाकलं होतं. तिथं पोचल्यावर दिसलं, की पाणी दीड कोस मागं हटलंय, होडी चिखलात पालथी पडलीय आणि बेटावर शेळ्या चालत जाऊन चरतायत. नावाडी म्हणाला, “चला की चालत. म्या पुढं चालतो.” तरी सहाही जण त्याच्यामागून होडीत बसल्यासारखे ओळीनं जाऊन आले. अर्ध्या तासात बेट संपलं आणि अख्खा दिवस हातात उरला.

पुनमनं नकाशा पाहिला. “चाचा, ते भूकंपाचं गाव इथून चार किलोमीटर. तिकडं जाऊ.”

मकसूदच्या तोंडचं पाणी पळालं. “रस्ता खराब हाय.”

“डांबरी आहे.”

“मला चक्कर येऊन राहिली. शुगर कमी झाली.”

“तुम्हाला शुगर नाहीच, चाचा.”

“नमाजचा टाइम झाला.”

पाच दिवसांत त्याला एकदाही नमाज पढताना न पाहिलेल्या पुनमनं गाडी सुरू करायला सांगितलं.

नवं गाव सरळ रेषेत आखलेलं, घरांना नंबर, गल्ल्यांना नंबर. मकसूद गाडीतच बसणार होता. पण रविवार होता, आणि लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारे सत्यम सर सुट्टीला घरी आले होते. त्यांनी मकसूदच्या मांडीवरची स्टुडिओच्या नावाची पिशवी ओळखली आणि गाडीत डोकावून विचारलं, “चाचा, डोळे बरे झाले का?” सात वर्षांपूर्वीच्या सोंगाची अशी चौकशी झाल्यावर उतरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुढच्या महिन्यात सत्यमचं लग्न होतं, त्यामुळे घराला नुकताच निळा रंग दिलेला. सत्यमनं सगळ्यांना चहाला आत नेलं.

समोरच्या भिंतीवर मकसूद होता. गुलाबी फेटा, काळा कोट, गळ्यात हार, कपाळावर बावीस वर्षांच्या कुंकवाचा थर. खालच्या खुर्चीत मकसूद बसला, कारण दुसरी खुर्ची रिकामी नव्हती. त्यानं मान खाली घातली, दाढी छातीला टेकवली आणि चहाची वाट पाहू लागला.

“वडील का तुमचे?” मॅडमनी सत्यमला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चार फोटो काढले. मग सवयीप्रमाणे कॅमेऱ्यात बोटानं मोठं करून पाहिलं. मोठं करता करता त्या कानाशी थांबल्या. फेट्याखालून डावा कान दिसत होता, पाळी तुटलेली. मकसूदनं तेव्हा भुवया बदलल्या, गाल बदलले, मिशी बदलली, पण कानाला हात लावायचा नाही म्हणून लावला नव्हता. मॅडमनी कॅमेऱ्यातून मान वर केली, खाली बसलेल्या मकसूदकडे पाहिलं, पुन्हा कॅमेऱ्यात पाहिलं. वहीत लिहून घेतलेलं ज्ञान असं ऐनवेळी उपयोगी पडलं.

“अहो चाचा,” त्या म्हणाल्या, “हा कान तर हुबेहूब—”

सत्यम वळला. त्यानं फोटोकडे पाहिलं, मग मकसूदकडे. ह्या पोराला आज बाप नाहीसा होणार आणि तो आपण करणार, हे मकसूदला स्पष्ट दिसलं आणि त्या फेट्याची, त्या कोटाची, स्वतःच्या त्या शहाणपणाची त्याला इतकी लाज वाटली की उठून पळावंसं वाटलं.

विठाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. “हाव,” ती म्हणाली. “त्यांचा बी कान असाच व्हता. ल्हानपणी बोकडानं तोडला व्हता. आमच्याकडं लई जणांचं कान असं तोडलेत बोकडांनी. साखर कमी कुणाला पायजे?”

मॅडमना आधी साखर सांगावी लागली. सत्यम हसून म्हणाला, “हे मला कधी सांगितलं नाहीस, आई,” आणि जुनं गाव दाखवायला पाहुण्यांना घेऊन निघाला. मकसूद त्यांच्यामागे उठला, तर विठाबाई म्हणाली, “तुम्ही बसा, मकसूदभाई.”

तो बसला. बोकडाची गोष्ट तिला कुणी सांगितली होती, ते दोघांनाही ठाऊक होतं. ती स्टुलावर चढली, फ्रेम उतरवली, पदरानं काच पुसली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

“हे नवं काढून द्या,” ती म्हणाली. “म्या म्हातारी होऊन राहिले अन् हे तसेच ऱ्हायले. आता सून येणार. हे अन् सत्यम, दोघं माझी लेकरं वाटतेत. जरा वय झालेलं काढा.”

“निगेटिव्ह न्हाई ऱ्हायली,” मकसूद कसंबसं बोलला.

“निगेटिव्ह कशाला लागतीय? तुम्ही हाव की.” मग थोडं थांबून म्हणाली, “दाढी तेवढी काढा. मिशी ठेवा. त्यांना दाढी न्हवती.”

मकसूदनं माफी मागायला हात जोडले. ती म्हणाली, “हात कशापायी जोडता? पोरगं तुमच्याकडं बघून मोठं झालं. रोज शाळेत जाताना पाया पडायचं.” आणि त्याच्यापुढची चहाची कपबशी जवळ सरकवली.

पंधरा दिवसांत मिशी आली, निम्मी पांढरी. दाढी काढल्यावर बोकडानं तोडलेला कान आणखीच उठून दिसू लागला. कोट आता पोटावर बसेना, चिमटे लावायची वेळ गेली होती, म्हणून मकसूद बटण न लावताच बसला. गौसिया कॅमेऱ्यामागे उभी राहिली.

“हिलो नक्को,” ती म्हणाली.

“मेलेला माणूस कसा हलेल?” मकसूद म्हणाला, आणि तेवढं बोलून त्याचे डोळे भरून आले. गौसियानं थांबायला हवं होतं, पण तिनं बटण दाबलं. पुढे कॉम्प्युटरवर मकसूदनं भुवया जाड केल्या, गाल बसवले, फेटा रंगवला. डोळे पुसायचं मात्र त्याला जमेना. दोनदा माउस तिथवर नेला आणि मागे घेतला.

सत्यमच्या लग्नाला त्याला जाता आलं नाही. ज्याचा फोटो मांडवात हार घालून मांडलाय, त्यानं जेवायच्या पंगतीत बसणं बरं दिसलं नसतं. गौसिया गेली, आहेर केला, जेवून संध्याकाळी परत आली. मकसूद दारातच उभा होता.

“काय झालं?”

“क्या होता. बच्चे तुमारे पाँव पडे.”

“मग मी?”

गौसियानं चपला काढल्या, पदरानं तोंड पुसलं.

“तुम क्या,” ती म्हणाली. “तुम रोते बैठे थे.”