फेरतपासणीच्या अर्जाचं दुसरं पान

आधी कबूल करून टाकते. तिचा मला हेवा वाटायचा, आणि तो थोडाथोडका नव्हता. ट्रेनिंगला आम्ही दोघी एका खोलीत राहिलो, एकाच वर्षी पास झालो, ती पहिली आणि मी दुसरी. नोकरीसुद्धा एकाच तालुक्यात लागली. तिला नदीपलीकडच्या मोठ्या गावची कन्याशाळा मिळाली, तीन खोल्यांची, कौलारू, पुढे अंगण. मला नदीच्या अलीकडची मिळाली. एक खोली, एक पडवी, आणि पडवीत शेजाऱ्यांची शेळी. दोन्ही गावांत अंतर कोसभर. माणसाला ज्याचा हेवा वाटतो ते नेमकं कोसभरावर असू नये, रोज कानावर येतं.

माझ्या कानावर ते सरपंचांच्या सूनबाई घालत. त्यांचं माहेर पलीकडच्या गावचं. माहेराहून आल्या की पाण्याला जाता जाता पडवीशी थांबत आणि तिकडच्या बाईंनी पोरींना काय शिकवलं, कोणती कवायत बसवली, कशा फुलांच्या कुंड्या मांडल्या हे सगळं सांगत. मी हसून ऐकायची. त्या गेल्या की वर्गावर विनाकारण ओरडायची.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शाळा नुकत्याच जिल्हा परिषदेकडे गेल्या होत्या, साहेब लोकांची पदं बदलली होती, तरी गावात तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला सगळे डिप्टी साहेबच म्हणत. डिप्टी साहेब वर्षातून एकदा येत, दिवसभर शाळा तपासत आणि जाताना शेरेबुकात चार ओळी लिहून खाली श्रेणी टाकत. अ, ब किंवा क. एरवी त्या अक्षराने कोणाचं फार अडत नसे. त्या वर्षी अडलं. दिवाळीनंतरच्या मिटिंगमध्ये सांगितलं गेलं की आमच्या भागात एका कन्याशाळेला पाचवा वर्ग मिळेल, आणि ज्या शाळेची श्रेणी वरची तिला मिळेल.

माझ्या चौथ्या वर्गात अकरा पोरी होत्या. मुलांच्या शाळेत पोरी घालायला त्या वेळी आमच्याकडे कोणी तयार नव्हतं आणि नदी ओलांडून परगावी पाठवायलाही नव्हतं. चौथी झाली की पोर पऱ्हाटीतला कापूस वेचायला जाणार, मग एखाद-दोन वर्षांत लग्न. पाचवा वर्ग गावात आला तर त्या अकरा जणी आणखी शिकणार होत्या. हे मला कळत होतं आणि मनापासून हवंही होतं. पण खोटं कशाला सांगू, तो वर्ग तिला मिळू नये हेही मला तितकंच हवं होतं.

आमची एक गोष्ट मात्र तिच्याहून सरस होती, सूत. त्या काळी शाळेत टकळीवर सूतकताई असे आणि तपासणीत तिला बरेच गुण असत. आमचं गाव कापसाचं. पोरींच्या आयांनाच कापसाची जाण, त्यामुळे पिंजलेल्या कापसाचे पेळू चांगले होत आणि धागा बारीक, एकसारखा निघे. माझ्याकडे कातलेल्या सुताच्या पेटीभर गुंड्या होत्या. आता यात एक रीत होती, ती बाहेरच्या माणसाला सांगायला हवी. ज्या शाळेची तपासणी आधी असेल ती शेजारच्या शाळेकडून वस्तू मागून आणायची. कोणी नकाशा नेई, कोणी पृथ्वीचा गोल, कोणी सूत. तपासणी झाली की परत. सगळे करत, सगळ्यांना माहीत होतं, आणि शेरेबुकात त्याचा कधी उल्लेख नसे.

तिची तपासणी माझ्या आठ दिवस आधी होती. तिने चिठ्ठी पाठवली, वीस गुंड्या दे, आमची कताई यंदा मागे पडली. मी वीसच्या जागी तीस दिल्या, आणि निवडून दिल्या. त्यात मैत्री किती होती ते मला माहीत आहे. माझं सूत तिच्या टेबलावर मांडलेलं असावं आणि ते माझं आहे हे तिला दिवसभर ठाऊक असावं, एवढंच मला हवं होतं.

तिला 'अ' मिळाला. शेऱ्यात लिहिलं होतं, सूतकताई विशेष उल्लेखनीय. ही बातमी सूनबाईंनीच आणली. माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण म्हटलं, थांबा, आठ दिवसांनी तेच सूत आमच्या टेबलावर असेल. गुंड्या परत आल्या, मी त्या तशाच पेटीत टाकल्या. उघडून पाहिल्या नाहीत. वरच्यावर मोजल्या आणि झाकण लावलं.

आमच्या तपासणीला डिप्टी साहेबांनी गणित घेतलं, वाचन घेतलं, पोरी बऱ्या बोलल्या. मग सूत. साहेबांनी एक गुंडी उचलली, गाठीपाशी दोरा सोडून पाहिला. दुसरी उचलली. मग तिसरी. प्रत्येकीच्या गाठीजवळ निळ्या पेन्सिलीची बारीक रेघ होती. उसन्या वस्तू फिरतात हे साहेबांच्या कानावर गेलेलं होतं आणि त्यांनी त्या वर्षी तपासलेल्या सुतावर खूण करायला सुरुवात केली होती. ते म्हणाले, हे सूत मी पलीकडच्या शाळेत पाहिलंय.

मी सांगितलं की सूत आमचंच आहे, तिने आमच्याकडून नेलं होतं. माझा आवाज चढला असावा. साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, एवढ्या चांगल्या शाळेला तुमच्याकडून सूत न्यायची काय गरज?"

ते वाक्य मला आजही लागतं. श्रेणी 'क' मिळाली, त्याचं दुःख पुढचं. उसने सूत दाखवले, असा शेरा माझ्या शाळेच्या शेरेबुकात पडला, आणि ज्या पोरींनी ते कातलं त्या समोर बसून होत्या.

फेरतपासणी मागता येते हे मला सरपंचांनी सांगितलं. ते शेतकरी माणूस, शाळा समितीचे अध्यक्षही तेच. शेरा मिळाल्यापासून महिन्याच्या आत अर्ज करायचा, दोन प्रती, शेरेबुकाची नक्कल, समितीचा ठराव, आणि कोणत्या मुद्द्यावर हरकत आहे ते स्पष्ट लिहायचं. अर्ज पंचायत समितीत द्यायचा, तिथून तो बुलढाण्याला जातो, आणि मान्य झाला तर दुसरे अधिकारी येऊन तपासतात. ठराव त्यांनी संध्याकाळीच करून दिला. उठताना म्हणाले, "बाई, आपल्या पोरी सूत काततेत, समोर बसवून पाहा, एवढंच लिहा. त्या दुसऱ्या बाईचं काऊन काढता?"

पहिलं पान मी तसंच लिहिलं. सूत आमच्या विद्यार्थिनींचे आहे, त्यांची प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी. अर्ज तिथेच पुरा झाला होता. खाली सही करायला पुष्कळ जागा होती. पण कार्बन लावलेला होता, पेन हातात होतं, आणि ते वाक्य डोक्यात होतं. मी दुसरं पान घेतलं.

दुसऱ्या पानावर मी लिहिलं की सदर शाळेने आमचे सूत स्वतःचे म्हणून दाखवले. हे खरं होतं. मग लिहिलं की सदर शाळेची हजेरी फुगवलेली असते. हे मला सूनबाईंच्या एका अर्धवट बोलण्यावरून वाटलं होतं. मग लिहिलं की सदर मुख्याध्यापिकेच्या यजमानांची अधिकाऱ्यांशी ओळख आहे, आणि तपासणीच्या दिवशी अधिकारी त्यांच्या घरी जेवले. जेवले असतील. आमच्याकडे ते सरपंचांच्या घरी जेवले होते आणि वांग्याचं भरीत मी स्वतः करून पाठवलं होतं. ते मी लिहिलं नाही. पान भरलं तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी चहा करून प्याले.

अर्ज द्यायला मी स्वतः एस.टी.ने तालुक्याला गेले. शिक्षण विभागाचे कारकून वयस्क होते. त्यांनी दोन्ही पानं सावकाश वाचली आणि मला समजावून सांगितलं की अर्जात दुसऱ्या शाळेचं नाव आलं की त्याची नक्कल त्या शाळेकडे खुलाशासाठी जाते. पहिल्या पानावर कोणाचं नाव नाही, ते एकटं पुरतं. दुसरं हवं तर काढून घ्या, अजून आवक नंबर टाकलेला नाही, असंही म्हणाले. पान त्यांनी माझ्याकडे थोडं सरकवलं.

मी म्हणाले, "असू द्या."

घाई नव्हती, कोणी जबरदस्ती केली नव्हती, राग निवायला चार दिवस मिळाले होते. तरी मी असू द्या म्हणाले. तिने ते वाचावं असं मला वाटत होतं.

महिन्याभराने बुलढाण्याहून दुसरे साहेब फेरतपासणीला आले. त्यांनी पोरींना जमिनीवर ओळीने बसवलं आणि टकळ्या द्यायला सांगितल्या. अकरा जणींनी तासभर सूत काढलं. कोणाचा धागा तुटला नाही असं नाही, पण तुटला की त्या मान न उचलता जोडत होत्या. साहेबांनी नवं सूत पेटीतल्या सुताशेजारी धरून उजेडात पाहिलं. त्याच हातांचं होतं. त्यांनी मान हलवली. मला इतका आनंद झाला की मी पदराने तोंड पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले.

मग साहेब खुर्चीवर बसले आणि त्यांनी फाईल उघडली. म्हणाले, कातवून पाहणं नियमाला धरून आवश्यक होतं, पण सूत कोणाचं याचा प्रश्न तसा उरलेला नव्हता. पलीकडच्या बाईंनी आधीच लिहून कळवलं होतं. त्यांनी ते पत्र मला दाखवलं. माझ्या तपासणीची हकीकत तिच्या कानावर गेली त्याच दिवशी तिने ते लिहिलं होतं. तपासणीत दाखवलेले सूत आमच्या शाळेचे नव्हते, शेजारच्या शाळेकडून मागून आणलेले होते, त्यासाठी त्या शाळेची श्रेणी कमी होऊ नये. खाली सही. आवक नंबर माझ्या अर्जाच्या आधीचा होता, तारीखही दोन दिवस आधीची. मी एस.टी.त बसले तेव्हा ते पत्र त्या कचेरीत येऊन पडलेलं होतं. कारकुनांना दोन्ही कागदांचा संबंध लागला नसावा.

"मग हे दुसरं पान कशासाठी लिहिलंत?" साहेबांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होते.

पोरी टकळ्या गोळा करत होत्या, मी त्यांना हळू करा म्हणून दटावलं.

आमची श्रेणी 'अ' झाली. तिची 'ब' वर आली आणि सर्व्हिस बुकात ताकीद लिहिली गेली. ती ताकीद तिच्या स्वतःच्या पत्रामुळे होती, माझ्या पानामुळे नव्हती. हजेरीची चौकशी झाली तेव्हा हजेरी चोख निघाली. पाचवा वर्ग आम्हाला मिळाला. सरपंचांनी पेढे वाटले. सूनबाई पडवीशी थांबल्या नाहीत, सरळ पाण्याला गेल्या.

मला वाटलं होतं की आता तरी जीव थंड होईल. उलट झालं. आधी मला तिच्या कौलांचा हेवा वाटायचा, पहिल्या नंबराचा वाटायचा. आता त्या पत्राचा वाटू लागला. असं पत्र मी लिहिलं असतं का, हे मी स्वतःला विचारायची आणि उत्तर यायच्या आत उठून कामाला लागायची.

जूनअखेर शाळा उघडली त्या दिवशी ती आली. नदीला अजून पाणी नव्हतं, पात्रातूनच चालत आली होती. मागे पाच पोरी, दप्तरं घेतलेल्या. तिच्या गावची चौथी पास झालेल्या. घरचे पाठवायला तयार नव्हते, तर तिने रोज सकाळी स्वतः नदीपर्यंत आणून सोडायचं कबूल केलं होतं. मी दारात उभी राहिले. आत ये म्हणायला हवं होतं, मी पोरी मोजत राहिले.

ती म्हणाली, "तुह्यं दुसरं पान मले खुलाशाले आलं होतं. वाचलं म्या. हजेरीचं खोटं हाय, बाकी सूत तुह्यंच होतं." मग पोरींना पुढे ढकललं. "यांचे दाखले आणले हायेत. घे लिहून."

मी दाखले घेतले. ती थांबली नाही, तिची शाळा भरायची होती. नदीच्या वाटेला लागेपर्यंत मी पाहत राहिले आणि एकदाही हाक मारली नाही.

पाचव्या वर्गाचा तो पहिला तास. माझ्या अकरा आणि तिच्या पाच. ओळख व्हावी म्हणून मी सोपं काही विचारलं, आपल्या जिल्ह्यातल्या नद्या सांगा. माझ्या पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. तिच्यातली एक उठली. पैनगंगा, पूर्णा, नळगंगा, खडकपूर्णा, कोणती कुठून निघते आणि कुणीकडे जाते, हात हलवत, न अडखळता सांगून खाली बसली. उरलेल्या चौघींचेही हात वरच होते. मी शाबास म्हणाले, आणि छातीत जुनी जळजळ अशी उठली की मला फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागलं. या खेपेला फेरतपासणी मागायची सोय नव्हती.