वाचलेलं पिल्लू

दहावीतल्या पोरी मोबाईल मागतात. माझ्या पोरीने कोंबडीचं पिल्लू मागितलं. आमच्या सायवनकडच्या पाड्यावर कोंबडीसाठी कुणी परवानगी मागत नाही. घरोघरी असतात, अंगणात फिरतात, पाहुणा आला की त्यातली एक कमी होते. पण पोर म्हणाली, "आये, हे कापायचं नाय, विकायचं नाय. हे मी पाळणार."

मी तिच्याकडे बघितलं नाही. ते पिल्लू मला घरात नको होतं. त्याचा आवाजसुद्धा नको होता.

दिवाळीच्या सुट्टीत ती आश्रमशाळेतून घरी आली होती, आणि भातकापणी चालू होती. मी अंगणवाडीत काम करते. त्या दिवशी मीटिंगसाठी डहाणूला गेले होते. दुपारी शेतात माझ्या नवऱ्याच्या पायाला नाग चावला. साप चावला तर आधी दवाखाना, हे पाड्यावरच्या बायांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं, घरातही सांगितलं होतं. पण दवाखाना लांब आणि भगताचं घर बांधापलीकडे. सासऱ्यांनी भगताला हाक मारली.

त्याचा उपाय जुना. चावलेल्या जागी ब्लेडने चिरा पाडायच्या आणि कोंबडीच्या पिल्लाची मागची बाजू तिथे टेकवून धरायची. पिल्लू विष ओढतं आणि मरतं, मग दुसरं लावायचं. जे पिल्लू मरत नाही, तिथे विष संपलं असं धरतात. डालग्याखालची पिल्लं पोरीने आणली आणि तिनेच एकेक करून धरली, कारण भगताचे हात आता कापतात. पिल्लं मरत गेली. शेवटचं मेलं नाही. भगत म्हणाला, "उतरलं."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. सासूने चहा टाकला. माझ्या नवऱ्याचे डोळे मिटायला लागले, तर लोकांना वाटलं, दमलाय, झोपू दे. नागाचं विष चढलं की पापण्या अशाच जड होतात. तिथे हे कोण कुणाला सांगणार? पोर त्याच्या उशाशी बसून वारा घालत राहिली.

मग तिने मला फोन केला. आवाज चक्क खुशीत होता. "आये, बाबाला नाग चावलेला, पण उतरलं. आता झोपलाय."

"उठव त्याला!" मी मीटिंगमध्येच ओरडले. "आधी उठव, जीप बोलवा!"

फोन चालूच होता. तिच्या हाका मला ऐकू येत होत्या. बाबा, बाबा. बाबा उठला नाही.

दिवस झाले, कार्य झालं. राग कुणावर काढायचा? भगतावर काढायचा तर तो म्हातारा रोज येऊन आमच्या ओट्यावर बसायचा आणि उठून जायचा. सासरे तर अंथरुणालाच खिळले. राहिलं ते पिल्लू. चांगलं तुरुतुरु चालत होतं, दाणे टिपत होतं, पंख फुटत होते. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ना, तसं माझं झालं. ते दिसलं की मला वाटायचं, मेलं असतंस तर माझा माणूस वाचला असता. हे शेवटचं दगावलं असतं तर लावायला पिल्लूच उरलं नसतं, भगताने हात टेकले असते, मग तरी जीप निघाली असती.

सासू म्हणाली, "बाजारात नेऊन विक. इथे तं कोणी खायचा नाय, सगळ्यांना ठावं आहे."

आश्रमशाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्याचे पाय बांधले आणि पिशवीत घातलं. वाटलं होतं, पोर भांडेल, रडेल. भांडली असती तर मी दोन लगावल्या असत्या आणि गेले असते. ती दाराला टेकून उभी राहिली.

"मला पण विकायला घेऊन चल," ती म्हणाली. "शेवटचं मी घट्ट धरलंच नव्हतं. त्याची कीव आली. म्हणून त्याने विष ओढलं नाय."

मी तिथेच, उंबऱ्यावर, बसले. इतके दिवस ही पोर हे घेऊन झोपत होती. मी तिला जवळ ओढली आणि सांगितलं, पिल्लं विष ओढत नाहीत, दाबून धरली की गुदमरून मरतात. घट्ट धरलं असतंस तरी फक्त हेही मेलं असतं. खोटं बोलत नव्हते. पण घट्ट धरलं असतं तर पुढे काय झालं असतं, ते मी बोलले नाही. मनातलं तिने ओळखलं का, मला माहीत नाही. पोर हुशार आहे.

बांधलेले पाय सोडले. पिल्लू लंगडत चुलीमागे गेलं.

आता त्याची कोंबडी झाली आहे, अंडी घालते. आम्ही ती अंडी खात नाही. रोज संध्याकाळी तिला डालग्याखाली झाकायचं काम माझं, आणि अजून तिला हात लावायला मला जड जातं. रविवारी आश्रमशाळेतून पोरीचा फोन येतो. आजा कसा आहे, आजी कशी आहे, हे मागाहून. आधी विचारते, "आये, ती आहे ना घरात?"

"आहे," मी म्हणते. "तू ये."