खाऱ्या पाण्याची बरणी

दुष्काळाच्या वर्षी शेवगावच्या एसटीत तो माझ्या शेजारी होता. मांडीवरची पाण्याची बरणी त्याने दोन्ही हातांनी कवटाळली होती.

मागच्या बाईचं लेकरू तहानेनं रडत होतं. ती म्हणाली, "घोटभर द्या की, दादा."

"समुद्राचं पानी हाय, ताई. घरी काचंच्या टाकीत जिती पोवळी अन् नाजूक मासे हायेत. त्यान्च्यासाठी हे पानी मुंबईहून आनलंय."

"खोटं बोलतोय!" म्हणत कुणीतरी बरणी ओढली. ती पडून फुटली. एकजण ओलं बोट चाटून थुंकला.

तो काचा वेचू लागला. मी म्हणालो, "पुन्हा आणा."

"तवर मासे ऱ्हात न्हाईत."

त्याचं गाव आलं. उतरताना तो बाईला म्हणाला, "घरी रांजनात गोडं पानी हाय. चला."

ती लेकराला घेऊन उतरली. आमच्यापैकी कुणालाच मान वर करवली नाही.