हरिश्चंद्र खलाशाचा कोरिया

आमच्या बंदरावर हरिश्चंद्र खलाशासमोर कोरियाचं नाव काढायची सोय नव्हती. काढलं की हातातला चहा थंड झालाच म्हणून समजा. तिथली लढाई थांबल्यावर त्याची बोट अमेरिकेचं पीठ नि सिमेंट घेऊन पुसान बंदराला जायची. धक्क्यावर सांडलेलं पीठ बायका पदरात झाडून न्यायच्या, ते त्यानं पाहिलं होतं. पुढं तेच लोक बोटी बांधायला लागले, अरबांच्या मुलखात रस्ते घालायला लागले. अमेरिकेनं व्हिएतनामात बोलावलं तेव्हा त्यांनी आपली पोरं पाठवली नि बदल्यात कामं मिळवली, असं तो सांगायचा. सगळा व्यवहार याला विचारूनच ठरला होता जसा! पण ऐकायला आम्ही जमायचोच.

लिबियात कालव्याच्या कामाला एका कोरियन कंपनीला माणसं हवी होती, तेव्हा त्यानं आपल्या एकुलत्या एका पोराला, जानूला धाडलं. बायको सोनूबाई अडून बसली. अमेरिकेचं आणि लिबियाचं वाकडं आहे, हे रेडिओवरून तिलाही कळलं होतं. हरिश्चंद्रानं तिला गप्प केलं.

"अमेरिकेनं ज्यांना भरवून मोठं केलान, त्यांच्या ताटात माती टाकील काय? कोरियावाल्याच्या मागं उभा असेल त्याला कोण हात लावत नाय."

शहाऐंशीच्या एप्रिलात अमेरिकेनं लिबियावर बॉम्ब टाकले. सुरुवातीला तो आम्हालाच धीर देत फिरला. मग जानूचं पत्र येईना, तार येईना. शेवटी हमरस्त्यावरच्या हातखंब्याला जाऊन त्यानं मुंबईची एस.टी. धरली आणि जानूला तिकडं पाठवणाऱ्या एजंटाला गाठलं. एजंट म्हणाला, कंपनीनं आपली कोरियन माणसं आधीच आत वाळवंटात हलवली होती, ती सगळी सुखरूप आहेत. तिथल्या बंदरावरच्या गोदामाशी राखणीला आपल्या देशातली माणसं मागं ठेवली होती, त्यांचा पत्ता नाही. जानू त्यांच्यात होता.

परत आल्यावर हे सगळं त्यानं धक्क्यावर बसून सांगितलं. "जानू काय कोरियावाला नव्हता," म्हणाला, "ह्या माझ्या ध्यानातच आला नाय." मला त्याचा संताप आला होता, आणि कीवही येत होती.

सोनूबाईनं देवाला कौल लावायचं ठरवलं. जन्मभर देवळाची टिंगल करणारा हरिश्चंद्र मुकाट तिच्या मागं आला. सखाराम गुरवानं गाऱ्हाणं घातलं, पोरगा जिवंत असला तर उजवी पाकळी खाली पाड, नसला तर डावी. देवाच्या दोन्ही खांद्यांवर त्यानं ओल्या पाकळ्या चिकटवल्या, आणि आम्ही सगळे सभामंडपात बसून राहिलो. ऊन वर आलं. पाकळ्या सुकत चालल्या. उजवी होती तशीच होती. डावीची कड सुटली आणि पाकळी हळूहळू खाली कलायला लागली.

हरिश्चंद्र उठला. गाभाऱ्यात गुरवाशिवाय कुणी पाऊल टाकत नाही, तिथं तो सरळ शिरला आणि त्यानं डावी पाकळी अंगठ्यानं देवाच्या खांद्यावर दाबून धरली.

सोनूबाई उठून त्याच्याजवळ गेली. मला वाटलं, आता ही त्याला ओढून बाहेर काढणार.

"आवो," ती म्हणाली, "हात काढू नका."