भट्टीखात्यातले दोन माठ

लढाई सुरू झाली आणि आमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत बारा तासांची पाळी लागली. भट्टीखात्यात माझ्याजवळच नागपूरकडचा एक फिटर काम करायचा. तिथं पिण्याच्या पाण्याचे दोन माठ होते. एक आत, सावलीत. दुसरा दाराबाहेर उन्हात, तो दलित कामगारांचा. कायद्यात असं काही नव्हतं, पण कोणी कुठलं पाणी प्यायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. फिटर बाहेरचं प्यायचा.

एका सकाळी त्यानं बाहेरच्या माठावरच्या सगळ्यांना गोळा केलं. "काम थांबवायचं नाही, लढाई आहे. पण माठ एक होईपर्यंत पाळीत पाणी प्यायचं नाही. कोणी शिव्या दिल्या तर ऐकून घ्या. हात उचलायचा नाही."

मी त्याला बाजूला घेतलं. "काहून जीव धोक्यात घालून राहिला, भाऊ?"

"तू कोणत्या माठाचं पितो?" त्यानं विचारलं. मी आतल्या माठाकडं पाहिलं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला एक जण भट्टीपुढे चक्कर येऊन पडला. माल मात्र रोजच्याइतकाच निघत होता. तरी कोणीतरी चुगली केली, की हा फिटर लढाईच्या वेळी काम बिघडवतो. त्याला ठाण्यावर नेलं. दुसऱ्या सकाळी तो आला तेव्हा ओठ सुजलेला होता. ते पाहून एक तरुण गडी लोखंडी सळई घेऊन उठला. फिटरनं त्याच्या हातातून सळई काढून घेतली.

"तू सळई उचलावीस म्हणूनच तर मारलं मला. चलो, काम पे."

मला राहवेना. मी आतल्या माठातून ग्लास भरला आणि सगळ्यांदेखत त्याच्यापुढे धरला.

त्यानं घेतला नाही. "एकट्याला पाजशील तर ते उपकार होतील, भाऊ."

मी ते पाणी ओतून दिलं आणि त्या दिवशी मीही प्यालो नाही. "जात सोडली का बे?" असं त्याच खात्यातला माझा साडू सगळ्यांसमोर ओरडला. संध्याकाळपर्यंत जीभ टाळ्याला चिकटली. दुसऱ्या दिवशी आतल्या माठावरचे आणखी चौघे आमच्यात आले. त्याच्या पुढच्या दिवशी मोठे साहेब आले आणि बाहेरचा माठ उचला, सगळे आतलंच पितील, असं सांगून गेले.

लढाई थांबल्यावर मी त्याला कांचघर वस्तीतल्या आमच्या घरी चहाला बोलावलं. तो गेल्यावर आईनं त्याची कपबशी अंगणात नेऊन ठेवली. मी ती धुऊन आमच्या कपबशांत लावली. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढच्या रविवारी मी त्याला पुन्हा बोलावलं.