भाऊजींचं 'कामून'

अख्ख्या वाशीम जिल्ह्यात टीव्हीवरच्या एका जाहिरातीवर उभं आयुष्य काढलेला माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या पदरात पडला. लोक गुरू करतात, माळ घालतात, कुणी नवस बोलून दाढी राखतं. आमच्या भाऊजींनी विशीत जीनची पँट घातली ती घातलीच. पँटी बदलल्या, कंबर बदलली, कमरेवरचं पोट दर सुगीला थोडं थोडं पुढं सरकत राहिलं, पण बाणा ढळला नाही. इंझोरीच्या शिवारात तुरीवर फवारा मारायचा तरी जीन, पोळ्याला बैल सजवायचे तरी जीन. एकदा गावातल्या मयतीला निघाले तेव्हा ताई कळवळून म्हणाली, "अवो, आज तरी पायजमा घाला, लोकं काय म्हनतीन?" भाऊजी दारात थांबले. उजवा अंगठा खिशात खोचला, मान डाव्या खांद्यावरून सावकाश मागं वळवली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "कामून?" आणि गेले. आमच्या वऱ्हाडात कामून म्हणजे का, कशाला. हा शब्द इथं दिवसातून शंभर वेळा कानावर पडतो, त्यात नवल काही नाही. पण भाऊजींचं कामून हे साधं कामून नव्हे. ते जाहिरातीतलं आहे.

ती जाहिरात अशी. रखरखीत घाटरस्ता, बंद पडलेली मोटारसायकल, आणि ती एकट्यानं ढकलत चढावर नेणारा एक हिरो. अंगात जीन. मागं एक मुलगी, हाताची घडी घालून रुसलेली. हिरो पुढं जातो, मुलगी ओरडते, "रुको!" गाणं थांबतं. हिरो अंगठा खिशात घालून डाव्या खांद्यावरून मागं बघतो आणि इंग्रजीत म्हणतो, "कम ऑन!" मुलगी हसते, मोटारसायकल आपोआप चालू होते, कशी ते कंपनीलाच ठाऊक. एवढंच. पण इंझोरीत तेव्हा टीव्ही एकच, पोलीस पाटलांच्या ओसरीवरचा, काळापांढरा, आणि त्याचा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा. रविवारच्या सिनेमाला सगळं गाव जमलेलं. मुलगी म्हणाली, थांब. हिरोनं विचारलं, "कामून?" मग कुणीतरी मांडीवर थाप मारून ओरडलं, "अबे, हा तं आपल्याइकडचा हाय!" त्या दिवसापासून हिरोचं मूळगाव कारंजा की मानोरा एवढाच वाद गावात शिल्लक राहिला. भाऊजींचा कौल मंगरूळपीरला, तिकडची एसटी दर चढाला बंद पडायची म्हणून. "बंद गाडी ढकलाची सवय दिसते त्याले," असं ते कारण देत.

आता इथं मला माझा गुन्हा कबूल केला पाहिजे. मी इंग्रजीचा मास्तर. तीच जाहिरात मी कॉलेजात असताना वाशीमला रंगीत टीव्हीवर, स्वच्छ आवाजात पाहिली होती. तो हिरो "कम ऑन" म्हणतो, म्हणजे "चल", हे मला पहिल्या दिवसापासून माहीत. पण सोयरीक नवी होती, जावयाची चूक काढायची कशी म्हणून सुरुवातीला गप्प बसलो. मग मजा वाटायला लागली म्हणून गप्प बसलो. पुढं पुढं तर धीरच होईना. माणसाचं सगळं घर ज्या एका खांबावर उभं आहे तो पोकळ आहे हे सांगणार कोण? पोरांच्या वह्यांतल्या चुका मी आयुष्यभर लाल शाईनं गोल केल्या, घरातली एवढी मोठी चूक मात्र तीस वर्षं तशीच सोडून दिली.

काळ्यापांढऱ्या टीव्हीनं आणखी एक घोटाळा केला. जीन निळी असते हे गावात कुणाला माहीतच नव्हतं. भाऊजी शेलूबाजारला कापडाच्या दुकानात गेले, आणि दुकानदारानं निळी पँट पुढं टाकल्याबरोबर भडकले. "मले येडा समजू राह्यले काय? टीव्हीवरची राखडी हाय!" दुकानदार म्हणाला, "भाऊ, जीन निळीच राह्यते." भाऊजींनी अंगठा खोचला. "कामून?" बिचाऱ्याला जन्मात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यानं मुकाट्यानं राखाडी कापडाचं ठाण खाली काढलं. शिंप्यानं ते शिवलं. पुढची दोन वर्षं भाऊजी एखाद्या कचेरीतल्या शिपायासारखे दिसत होते आणि स्वतःला हिरो समजत होते. गावात रंगीत टीव्ही आला आणि त्यावर ती जाहिरात लागली, त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी निळी घेऊन आले.

आणि गंमत अशी की ताईचं लग्न त्या राखाडी पँटीनंच जमवलं. आमच्याकडं जीन म्हणजे कापसातली सरकी काढणारा कारखाना. जऊळक्याला आमच्या घरी स्थळ घेऊन आलेला मध्यस्थ म्हणाला, "पोरगं लय हुशार हाय पाटील, आत्ताच जीन घेतली त्यानं." बाबांना वाटलं, कारखानदार जावई! दुसऱ्याच दिवशी मला घेऊन इंझोरी गाठली. घर पाहिलं, विहीर पाहिली, बैलजोडीच्या पाठीवर थाप मारली, मग घसा साफ करून म्हणाले, "आता जीन दाखवा." भाऊजींची आई आम्हांला कौतुकानं परसात घेऊन गेली आणि दोरीकडं बोट केलं. "हे काय, वाळू राह्यली." बाबा त्या पँटीकडं पाहत राहिले. परतीच्या वाटेवर, जऊळक्याच्या शिवेवर आल्यावर एकाएकी इतके हसले की रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. "खोटं नाई बोलले लोकं," डोळे पुसत म्हणाले, "विचारलं ते दाखवलं. देऊन टाकू पोरगी." आमचे बाबा हे असे.

लग्नानंतर कामूनचा कारभार वाढतच गेला. एसटीचा कंडक्टर म्हणाला, "पुढं सरका," कामून? बँकेतला साहेब म्हणाला, "उद्या या," कामून? ग्रामसभेत तर त्यांच्या एका कामूनवर ठराव तीनदा पुढं ढकलला गेला. उत्तर त्यांना कधीच नको असायचं. मान वळली, डोळे बारीक झाले, शब्द पडला की झालं, मग म्हणाल तिकडं सरकायला तयार. अर्थाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, त्यांना फक्त ती मान वळवायची असे. ती तरी किती वळवावी? मागच्या वर्षी आखडली. डॉक्टरांनी बजावलं, दहा दिवस डावीकडं वळायचं नाही. भाऊजी दवाखान्याच्या दारात थांबले, वळले, म्हणाले, "काम..." आणि तिथंच किंचाळले. मानेचा पट्टा महिनाभर राहिला.

एवढं सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण या वर्षी भाचीच्या लग्नाची गोष्ट निघाली. पोरगी एकुलती एक, शेतकी कॉलेजातून शिकलेली, आणि पुण्याला माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागलेली. हातात कागद आला होता, महिन्याभरात जायचं होतं. तेवढ्यात मीच एक स्थळ आणलं. घर मोठं, मुलगा चांगला, माणसं वजनदार. मला भीती एकाच गोष्टीची. मी भाऊजींना बाजूला घेऊन हात जोडले, "एक दिवस पायजमा घाला, आणि ते कामून तेवढं बंद ठेवा." ताईनं तर पोरीच्या गळ्याची आण घातली. भाऊजींनी पोरीकडं पाहिलं आणि चक्क हो म्हणाले.

पाहुणे आले. भाऊजी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पायजम्यात भिंतीला टेकून बसले होते. इतका गरीब माणूस मी त्या घरात पूर्वी पाहिला नव्हता. उजवा अंगठा सारखा मांडीवर खिसा शोधत होता, आणि पायजम्याला तिथं खिसाच नव्हता. चहा झाला, चिवडा झाला, भाची पसंत पडली. मग मुलाचे काका म्हणाले, "बाकी सारं ठीक हाय. नोकरीचं तेवढं सोडून द्या. लग्नानंतर पोरीनं बाहेर जायाचं नाई." भाचीनं हातातला ट्रे खाली ठेवला. ताई खाली बघू लागली. मी, इंग्रजीचा मास्तर, मुलींनी शिकलं पाहिजे यावर दर वर्षी भाषण ठोकणारा, मान डोलावत होतो. स्थळ चांगलं होतं ना!

भाऊजी उठले आणि दाराकडं निघाले. आम्हांला वाटलं, पानाची पिंक टाकायला चालले. उंबऱ्याशी थांबले, डाव्या खांद्यावरून वळले. डोळे बारीक नव्हते, अंगठ्याला जागा नव्हती, हात नुसते लोंबत होते.

"कामून?"

काका हसले. "आमच्यात रीत नाई."

"कामून?"

"अहो, लोकं काय म्हनतीन?"

"कामून म्हनतीन?"

भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा कामून विचारून उत्तराची वाट पाहिली. ते उंबऱ्यात उभेच राहिले. पाहुण्यांनी चपला घातल्या. स्थळ मोडलं.

मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू. ताईनं आठ दिवस अबोला धरला. पाहुणे गेले त्याच संध्याकाळी भाऊजी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, म्या आन मोडली. पन पँटीत नव्हतो, म्हनून चालते ना?" माझा राग तिथंच गळाला आणि स्वतःचीच लाज वाटली.

महिन्यानं आम्ही भाचीला शेलूबाजारला पुण्याच्या गाडीवर पोचवायला गेलो. गाडीला वेळ होता. भाची म्हणाली, "बाबा, गंमत दाखवू?" आणि मोबाईल पुढं धरला. तीच जाहिरात! कुठून शोधून काढली कोण जाणे. आवाज अगदी स्वच्छ होता. रुको. कम ऑन. भाऊजींनी मोबाईल कानाशी नेला, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं. "आवाज तेवढा पह्यलेवानी नाई राह्यला," पुटपुटले. तिसऱ्यांदा ऐकून माझ्याकडं वळले. "तुमी इंग्रजीवाले, मास्तर. खरं सांगजा. हा काय म्हनते?"

भाचीनं माझ्याकडं पाहिलं. तिला सगळं माहीत होतं, कदाचित लहानपणापासून. तीस वर्षांची लाल शाई माझ्या जिभेवर आली होती.

"कामून म्हनते, भाऊजी," मी म्हणालो. "दुसरं काय म्हनन?"

"मंग!" भाऊजी खुलले. "आपल्याइकडचाच हाय तो."

गाडी आली. भाचीनं ताईला मिठी मारली, भाऊजींच्या पाया पडली, पिशवी खांद्याला लावली आणि पायरीवर चढली. तिच्या अंगात निळी जीन होती, हे माझ्या तेव्हा कुठं ध्यानात आलं. ती आत शिरणार एवढ्यात भाऊजी एकदम ओरडले, "रुको!" हसवायलाच ओरडले असतील, पण आवाज मधेच फाटला.

भाची पायरीवर थांबली. अंगठा खिशात खोचला, डाव्या खांद्यावरून वळली. डोळे भरलेले होते. त्या भरल्या डोळ्यांनी हसत तिनं तो शब्द टाकला आणि गाडी हलली.

ती कामून म्हणाली की कम ऑन, का थांबू विचारत होती की चला म्हणत होती, मला, बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला, कळलं नाही. भाऊजी गाडी वळणाआड जाईपर्यंत हात वर करून उभे होते. मग मनगटानं नाक पुसत म्हणाले, "आयकलं ना, मास्तर?"

"आयकलं," मी म्हणालो.